कचेरीतली पंगत

हसा, पण आधी पुरं ऐका. तुमसरले इंग्रजाच्या वेळची कचेरी दुरुस्त करून बाजार उघडला ना, तवाची गोष्ट. घरवाली वारली त्याले वर्ष झालं होतं, घरी मी एकटाच. तिथं बाजूनं साड्या-भांड्याची दुकानं, अन् मधातल्या हॉलमध्ये खाण्याचे स्टॉल अन् लांब टेबलं. पुरीभाजी घेऊन मी अनोळखी लोकाइच्या रांगेत बसलो. माझं झालं, पण बाजूचा खाऊनच राहिला होता. पंगत सोडून आधी कसा उठू? तो उठला त दुसरा येऊन बसला. मंग तिसरा. माझा खरकटा हात पार वाळून गेला.

शेवटी स्टॉलवाला आला. "काका, कवाचे बसून राहिले! काही पाहिजे काय?"

"नाही बाप्पा. पंगत उठाची वाट पाहून राहिलो."

तो खो-खो हसला. "इथली पंगत कधीच उठत नाही, काका! जा आता, घरचे वाट पाहत असतीन."

मी उठलो. हात धुतला अन् सिहोऱ्याची बस धरली.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. पंगत उठत नाही म्हणे, म्हणूनच त गेलो.