तिसऱ्या सिलेंडरचा आवाज

नको, असं सुटं सुटं नका सांगू मिस्त्री. पिस्टनचे एवढे, लायनरचे एवढे, क्रँक लेथवर घासायला पाठवायचा त्याचे वेगळे – माझ्या डोक्यात काही राहत नाही हल्ली. सगळं मिळून काय होतं ते एकदाच सांगून टाका... बरं. कळलं. नाही, घाबरले वगैरे नाही, तेवढं होणार हे वाटलंच होतं मला. तेवढ्यात दुसरी जुनी गाडी येते म्हणताय – येत असेल की. मुलगाही फोनवर तेच म्हणतो – आई, भंगारवाल्याला देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल. जागा मोकळी करून मी तिथं काय करू, नाचू? तुम्ही करा सगळं. पूर्ण इंजिन करा. पैसे आहेत. कुठून आले ते विचारू नका, आहेत.

घाई? घाई म्हणजे – हो, लवकर हवंय. भाडी मारायचीच आहेत, हे बरे झाले की. थोडे आजारी आहेत. थोडे म्हणजे, पडून आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, भरवायला मी, पुसायला मी... नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेताय, मलाच काही वाटत नाही. खरं सांगते. लोक भेटायला येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात, आता रडेल मग रडेल – मी आपली चहा टाकते. सुरुवातीला वाटायचं, येईल रडू सवडीनं. सवड झाली, रडू काही आलं नाही.

तर ट्रक असतो आमचा अंगणात, खिडकीला लागूनच. ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं आणि मी एकदा सहज चालू केला – बॅटरी उतरू नये म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. चालवायला मला येत नाही, चावी फिरवता येते. आत येते तर ह्यांचे डोळे उघडे. टक्क उघडे. आणि डावा हात गादीवर असा – पुढं, मागं, जरा थांबून परत पुढं. म्हटलं, हे काय आता? तर काय, गिअर टाकत होते. मग रोज सकाळी तोच उद्योग – मी चावी फिरवायची, आत येऊन खुर्चीवर बसायचं, ह्यांनी गाडी हाकायची. मध्येच भराभर खालचा गिअर टाकायचे, म्हणजे चढ आला असणार. कुठला रस्ता, कुठला माल, मला काय कळणार? चाळीस वर्षांत कधी शेजारी बसवून नेलं नाही मला, म्हणायचे, बायकांनी काय बघायचंय तिथं. आता बसायला मिळालं. शेजारीण कुरकुरली, धुरानं कपडे काळे होतात म्हणून – तर तिला म्हटलं, दुपारी वाळत घाल.

आणि मग गाडीच बंद पडली. पाण्यात तेल गेलं म्हणालात ना, का तेलात पाणी – तेच ते. तेव्हापासून ह्यांनी डोळे मिटले ते मिटलेलेच. घास तोंडात घातला तर तसाच राहतो. मुलानं मोबाइलवर कुठल्याशा ट्रकचा आवाज पाठवला, हुशार आहे तो, म्हणाला हाच लाव कानाशी, इंजिनाचा खर्च वाचेल. लावला. ह्यांची भुवई हलेल तर शपथ. दुसऱ्याची गाडी कशाला चालवतील ते?

हे काय दाखवताय?... हां, तिसऱ्या सिलेंडरचं. बेअरिंग झिजलंय, माहितीये की – त्याचीच ती टकटक. जुनी आहे ती. ह्यांनी कधी कोणाला काढू दिली नाही. म्हणायचे, बोलू दे तिला, ती गप्प झाली तर मला डुलकी लागेल. रस्त्याच्या वळणावर टकटक ऐकू आली की मी आंघोळीचं पाणी तापत ठेवायची, हे फाटकाशी येईपर्यंत पाणी तयार... काय म्हणालात?

नाही, ऐकलं मी. नवं बेअरिंग पडलं की आवाज जाणार. अजिबात येणार नाही? थोडासुद्धा? कोऱ्या गाडीसारखी चालेल, बरं. चांगलंच आहे. काम चोख करता तुम्ही.

थांबा जरा.

मग ते जुनंच बसवा परत. खुळी नाही झाले मी, ऐका तर. नव्या कामात झिजलेलं बेअरिंग तुमचा हात बसवणार नाही – पटलं, तुमच्या नावाचा प्रश्न आहे. मग नवं कामच करू नका. तेवढं वरचं गॅस्केट बदला, तेलात पाणी जाणार नाही एवढं बघा, आणि बाकीचं जसं होतं तसं जोडून द्या. चालू होईल ना?... हो, रॉड तुटेल, कळलं. इंजिन फोडून बाहेर येईल, तेही कळलं. पण कधी? माल लादायचा नाही, फाटकाबाहेर न्यायची नाही, सकाळी जागच्या जागी थोडा वेळ फक्त. तुम्हाला कोणी धरायला येणार नाही, अंदाजे सांगा.

थंडीपर्यंत.

मग पुष्कळ झालं की. डॉक्टर तर थंडीपर्यंतसुद्धा म्हणत नाहीत... असे बघत काय राहिलात, पाना घ्या हातात. मला निघायला हवं, ह्यांना कुशीवर वळवायचंय.