पत्रे फूटभर वर

न्हाई मिस्त्री, पत्रे हायत तिथंच ठेवायचे न्हाईत — फूटभर वर घ्यायचे. तुमीच बगा की, वाकून उभं ऱ्हायलाव. खिडकी उगवतीला, तिच्याखाली टेबल, अन् ह्या अंगाला गादी, नातीला लोळायला. हापिस बी अन् घर बी! राजेश्री, आमची सून, पुन्याच्या कंपनीत हाय — तिला आता घरून काम करता येतंय. म्हन्ली, "तात्या, माळा नीट करून घ्या, आम्ही मायलेकी वालूरलाच येतो राहायला." पाच वर्साखाली माझा महारुद्र गेला, तवापासून दोघी सनाला येतेत अन् चार दिसांत जातेत. घर खायला उठतंय, मिस्त्री.

आँ — त्या पोत्याला हात लावू नका! बियानं न्हाई त्यात, जुन्या चिंध्या-चादरी हायत. ऱ्हाऊ द्या. लॉकडाऊनमदी महारुद्र इथंच बसायचा, त्या पोत्यावर कंप्युटर ठेवून, सकाळधरनं. सहा फुटाचं पोरगं — उठलं की डोकं वाशाला, रोज! खालून त्याची माय म्हनायची, "आदळलं बगा." त्यानंच म्हन्लं होतं, "तात्या, पत्रे फूटभर वर घेऊ, मी इथंच ऱ्हातो कायमचा." अन् मी काय केलं? पारावर मानसं इचारायची — पोराची नोकरी गेली का हो, दिवसा घरीच दिसतंय? मला लाज वाटली. लाज! पोरगं मान मोडून काम करायलाय, अन् मला लोकाच्या तोंडाची लाज. म्हन्लं, "जा बाबा पुन्याला, चार मानसासारखं हापिसात जा." गेलं. दोन महिन्यानं तिकडंच करोना झाला, दवाखान्यात शेवटचं तोंड बी बघू दिलं न्हाई कुनी. कुनी धाडलं त्याला? मीच धाडलं की.

काय म्हन्ता? सूनबाई किती उंच हाय? — बुटकी हाय हो. नात तर माझ्या कमरेएवढी. हाय ती उंची लय झाली दोघींना, मला का मालूम न्हाई? — तरी बी वर घ्या. फूटभर. लिवलं न्हवं? मग उतरा आता खाली, च्या झाला असंल. जा तुमी. मी येतो मागून.