माहितीपत्रकातल्या पाच ओळी

— पाच ओळी? एवढंच ना? अगं, मग उभी काय राहिलीस, बस की. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे. गेल्या बॅचच्या एक बाई रडता रडता तिच्यावरून आपटल्या आणि मग हसतच सुटल्या — आमच्या कोर्सचा तेवढा एक ठोस उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. ही घे, ही बरी आहे. तर पाच ओळी. समुपदेशन आणि तंटानिवारण, प्रशिक्षकांची व्यावसायिक पार्श्वभूमी. फोटोसकट? जुना चालेल ना? चालवून घे बाई. मला चार वाजेपर्यंत वेळ आहे. चारला फोन यायचाय. छे, कामाचा कुठला, मुलीचा. दर गुरुवारी येतो. ते भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, त्याच्याकडे बघू नकोस, म्हणजे अजून पंचवीस मिनिटं आहेत आपल्याकडे. फोन इथे मध्येच ठेवते हं. आवाज मोठा केलाय ना मी? केलाय.

बाकीच्यांचं झालं लिहून? फौजदारांचं काय लिहिलंस, वाच बघू. 'तीस वर्षांच्या पोलीस सेवेत संवादातून असंख्य तंटे मिटवले.' संवादातून! अगं, त्यांचा संवाद म्हणजे टेबलावर काठी ठेवायची आणि विचारायचं, मिटवताय की मिटवू? आता तेच दर सोमवारी शांतपणे ऐकायचं कसं ते शिकवतात. हसू नकोस, चांगलं शिकवतात. मी एकदा विचारलं, तुम्हाला हे जमलं कसं हो? तर म्हणाले, ज्यांचं ऐकलं नाही त्यांचे चेहरे डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून जमलं. हे छापशील का? नाही छापणार. सिस्टरचं काय लिहिलंस? 'रुग्णसेवेचा प्रदीर्घ अनुभव.' खरा अनुभव काय, तर वॉर्डाच्या दाराशी उभं राहून माणूस गेल्याचं घरच्यांना सांगायचं. डॉक्टर आतूनच म्हणायचे, सिस्टर, तुम्ही सांगा. वाक्य लहान ठेवायचं आणि सांगून झालं की पळायचं नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळलंय? आणि आपले सर — त्यांची पदवी आधी लिही, संस्थेत तेवढी एकच खरी पदवी आहे. भावाभावांतले वाद हा त्यांचा खास विषय. स्वतःच्या भावाशी मात्र जिन्यात गाठ पडली तर एकाने भिंतीकडे तोंड करायचं असं ठरलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! नाही गं, मी कुठे कोणाला नावं ठेवतेय. मी कोणाला नावं ठेवणार?

माझं लिही. बावीस वर्षं टेलिफोन खात्यात, तक्रार विभाग. हो, खरंच. कानाला ते यंत्र लावून बसायचं आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या. मला कोणी मानसशास्त्र नाही शिकवलं हं, आमच्या सुपरवायझर बाईंनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली — माणूस काहीही बोलो, त्याचं म्हणणं त्यालाच परत सांगायचं. म्हणजे आपला फोन सोमवारपासून बंद आहे. म्हणजे आपल्याला असं वाटतं की आम्ही झोपा काढतो. तक्रार नोंदवून घेतली आहे. एवढं केलं की निम्मी माणसं गार पडतात, फोन दुरुस्त होवो न होवो! पुढे खात्यातून लवकर बाहेर पडले आणि कोर्टाच्या तळमजल्यावरच्या समेट केंद्रात रुजू झाले, तर तिथे हेच. नवरा काय म्हणाला ते बायकोला सांगायचं, बायको काय म्हणाली ते नवऱ्याला, आवाज चढवायचा नाही, भुवई हलवायची नाही. कागदी रुमालांचा डबा टेबलाच्या बरोब्बर मध्यावर ठेवायचा — हसतेस काय, इकडचा तिकडे सरकला की समोरच्याला वाटतं बाई पलीकडच्या बाजूच्या आहेत. मी पट्टीने मोजून ठेवायचे. बारा वर्षं. सहाशेच्या वर घरं जोडली, असं मागच्या माहितीपत्रकात सरांनी छापलं होतं. जोडली म्हणे! घर म्हणजे काय कपाचा कान आहे?

आता काय उरलं? विशेष कामगिरी. असा रकाना आहे? बघू. आहे की.

तू माझा तिसरा तास ऐकलायस कधी? दारातून सुद्धा नाही? त्यात मी फळ्यावर दोनच ओळी लिहिते. एक, घरच्या माणसांच्या भांडणात आपण मध्यस्थ व्हायचं नाही. दोन, जिथे मारहाण आहे तिथे समेटाचं टेबल मांडायचं नाही, आधी त्या माणसाला तिथून बाहेर काढायचं. पोरं भराभर उतरवून घेतात. कोणी विचारत नाही, मॅडम, तुम्हाला हे कसं कळलं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मी? पुस्तकात आहे म्हटलं असतं. आहेही पुस्तकात. मला पाठ होतं ते — तेव्हाही पाठ होतं.

आमची ठकी — मुलगी माझी, लाडाने ठकी म्हणतो आम्ही, म्हणजे मीच म्हणते आता, तिचे बाबा असते तर त्यांनीही म्हटलं असतं — दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी आली. पिशवी नाही, पर्स नाही, त्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. मी भाजी निवडत होते. म्हणाली, आई, तो मारतो. तीन शब्द गं. आणि मी काय म्हणाले असेन? सांग ना. कुठलीही आई काय म्हणेल? मी म्हणाले, म्हणजे तुला असं वाटतंय की तो तुझ्याशी हिंसक वागतो. हो, असंच म्हणाले, याच आवाजात. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, वाटत नाहीये आई, मारतो. आणि बाही वर केली. इथून इथपर्यंत. आणि मी ते बघून आतल्या खोलीत गेले आणि जावयाला फोन लावला — का, तर दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मत बनवायचं नाही! तिचं असं असं म्हणणं आहे, तुमचं काय म्हणणं आहे? ती पळून कुठे आलीय ते मीच त्याला सांगितलं.

तासाभरात आला. फळं घेऊन. खाली वाकून नमस्कार केला. रडला सुद्धा — ढकललं गेलं हो आई, हात लागला, ताण होता कामाचा. आणि मी तो कागदी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला. बारा वर्षांत कधी सरकवला नाही, त्या दिवशी सरकवला, तोही त्याच्याकडे. केंद्रात न्यायचं सोडून हे घरी का केलंत म्हणशील. लाज, दुसरं काय! सगळ्यांची घरं सांधणाऱ्या बाईंची स्वतःची पोरगी बाकावर बसलीय, असं तिथल्या शिपायापासून सगळ्यांनी बघितलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि थोडा माजही होता गं, खोटं कशाला बोलू. वाटलं, माझ्यापेक्षा चांगलं कोण करणार आहे हे?

करार मीच लिहिला, जेवणाच्या टेबलावर. केंद्राच्या छापील कागदावर, नेहमीचा मसुदा, हाताला सवयीचा. 'परस्पर गैरसमजातून निर्माण झालेला वाद.' गैरसमज! तिसरं कलम माझं स्वतःचं आहे, केंद्रात सगळे त्याची तारीफ करायचे — दोन्हीकडच्या नातेवाईकांनी दोघांपैकी एकाशी परस्पर बोलू नये, एकाचीच बाजू घेऊ नये, जे बोलायचं ते दोघांच्या समोर. लुडबुड करणाऱ्या सासवांसाठी काढलं होतं ते मी. सही करायच्या आधी ठकीने पेन हातात धरून विचारलं, आई, तू कोणाच्या बाजूची? मी म्हणाले, मी दोघांच्या बाजूची आहे, बाळा. हे वाक्य माझ्या टिपणांत आहे, पान चार. तिने सही केली. त्याने केली. मध्यस्थ म्हणून मी केली. मग त्याने तिच्या चपला दाराशी नीट मांडून ठेवल्या आणि तिला घेऊन गेला.

पाणी? नको, तूच पी. मला काही झालेलं नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता फोन. त्याची गुरुवारी दुपारनंतर सुट्टी असते. फोन स्पीकरवर — दोघांच्या समोर ना! ती काय बोलते माहितीये? आई, तुझं म्हणणं मी ऐकलं. तुला काळजी वाटते हे मला समजतं. माझीच वाक्यं गं! आणि मी मूर्ख, सुरुवातीला मला कौतुक वाटलं, म्हटलं पोरगी किती समंजस झाली, आईच्या वळणावर गेली. शेजारी कोणी कान देऊन बसलं असलं की माणूस असं बोलतं, हे कळायला मला पाच महिने लागले. मला! बावीस वर्षं नुसत्या आवाजांवर नोकरी केलेल्या बाईला.

गेले की, गेले ना घरी. दोनदा गेले. चहा दिला, बिस्किटं दिली, आमच्या मध्ये बसून राहिला. मग झाकलेली मूठ उघडून फौजदारांना सांगितलं — ते बिचारे काही न विचारता उठले, ओळखीतली एक महिला पोलीस पाठवली. ठकी दारात येऊन म्हणाली, गैरसमज होता, आमचा लेखी समेट झालाय. आणि त्याने आतून कागद आणून दाखवला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय म्हणे, भिजू नये म्हणून. खाली माझी सही, केंद्राचं नाव. ती पोलीसबाई कागद वाचून मलाच फोन करते, मॅडम, तुम्हीच मिटवलंय की हे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय?

पण गेल्या गुरुवारी मी बोलले. म्हटलं, ठकी, मी चुकले. मी तुझ्या बाजूची आहे, फक्त तुझ्या. तू ये. चपला घालायला थांबू नकोस, तशीच ये. तो ऐकत होता, ऐकू दे म्हटलं! मग ती म्हणाली, आई — आणि अगं, ते आई त्या शिकवलेल्या आवाजातलं नव्हतं, ते लहानपणी ताप आला की म्हणायची तसलं होतं — आई, पुढच्या गुरुवारी सांगते. आज गुरुवार. मी तिची खोली झाडली, दाराला आतून नवी कडी बसवून घेतली, सिस्टरने तिच्या ओळखीच्या वकीलबाईंना सांगून ठेवलंय. एकदा हो म्हणाली की बास. नुसतं हो. फौजदार खाली गाडीत बसलेत, तुला काय वाटलं, आज काय सोमवार आहे? ते उगाच आलेत का इथे?

किती वाजले? तुझ्या घड्याळात बघ, भिंतीवरच्या नको. दोन मिनिटं. चल, पटकन लिहून घे तोवर, विशेष कामगिरीत काय बरं —

थांब. वाजतोय. बसून राहा तू, जाऊ नकोस.

हॅलो, ठकी? …अं? …हो. बोला. ती कुठेय? …नाही, तिच्याकडे द्या ना जरा. …हो, मीच म्हणाले होते गेल्या वेळी. …हो, कलम तीन. वाचू नका, मला माहितीये काय आहे ते, मीच लिहिलंय. …हो. एकाची बाजू घेतली मी. घेतली! …ती आहे ना शेजारी? ठकी, ऐकतेयस का? ठकी, बोल काहीतरी, एकदा बोल — …बरं. …बरं. …म्हणजे तुमचं असं म्हणणं आहे की मी करार मोडला, म्हणून यापुढे गुरुवारचा फोन येणार नाही. …हो. समजलं. …नोंदवून घेतलं.

…

काय म्हणाले गं मी? आत्ता, शेवटी. ऐकलंस ना तू? माझ्याच तोंडून गेलं ना ते?

नाही, हात नको लावूस मला. पुन्हा लावून काय करू, बंद करून ठेवला असणार. तू लिही. बावीस वर्षं तक्रार विभाग, एवढंच लिही. बाकीच्या चार ओळी सिस्टरला दे, तिचं फार थोडक्यात झालंय. आणि खाली जाऊन फौजदारांना सांग, घरी जा म्हणावं, थांबू नका. सव्वाचारला माझा तास आहे, पोरं येतील, खुर्च्या गोलात लावायच्या राहिल्यात. जा ना. जा म्हटलं ना तुला.