दोन मोजेपर्यंत

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, सिस्टर – तापामुळे नव्हे हो, हिचा ताप काल संध्याकाळीच उतरला – त्या तीनच्या आकड्यामुळे. गेल्या महिन्यात पिंगीला इथे दाखल केलं तेव्हा तुम्हीच शिकवलंत ना – नख दाबायचं, पांढरं पडतं, सोडायचं, दोन मोजेपर्यंत गुलाबी व्हायला हवं. काल तीन झाले. परत दाबलं, साडेतीन. मग पुस्तक काढलं – शिकल्यासवरल्या बाईला तेवढंच येतं – तर म्हणे केसाहून बारीक नळ्या, लाल पेशी त्यांतून एकामागे एक रांगेनं जातात, आणि नळीच्या तोंडाशी स्नायूंचं कडं – ते कधी आवळायचं, कधी सैल सोडायचं, हे पुष्कळदा जागच्या पेशीच ठरवतात. प्राणवायू कमी पडला की वाट आपोआप मोकळी. म्हणजे माझी तिथे गरजच नाही. वाचून जीव भांड्यात पडायला हवा होता ना? नाही पडला.

काय? हात गार होते का? होते की – मीच गार पाण्यानं पुसून काढले होते, ताप उतरावा म्हणून. गारठ्यानं नळ्या आवळतात, नख पांढरं राहतं, हे त्याच पानावर खाली होतं – पण तिथवर पोचण्याआधीच मी परत नख दाबायला गेले. नवरा म्हणाला, अगं, घड्याळ तरी लाव, तू मोजतेस की पळतेस?

हसू नका, सिस्टर. गेल्या महिन्यात ही निपचित पडून होती आणि मी शेजारणीला सांगत होते, खेळून दमलीय. ओठ सुकलेले, मांडीवर निळसर जाळी उमटलेली – मी वर चादर ओढली आणि कपड्यांच्या घड्या करत बसले. डॉक्टरांना मी ‘सकाळपासून’ म्हटलं होतं. आदल्या दिवसापासून होतं ते. हे मी घरीसुद्धा – असो. म्हणून आता मला माझे डोळे चालत नाहीत. आकडा लागतो.

एकदाच बघा, तुमच्या घड्याळावर. दोनच्या आत आलं तर मी गुमान घरी जाते, महिनाभर तोंड दाखवत नाही. पिंगे, मावशींना बोट दे. दे ना गं बाळा. मुठी कशाला वळल्यास – उघड बघू –

“मावशी, पायाचं दाबा. हाताची सगळी आईनं संपवली.”