तीस वेढे

—चालत नाही, चालत नाही, हे एकच वाक्य मघापासून तीनदा म्हणालात. काय चालत नाही? मोटर चालत नाही. बरं. ठेवा खोका. खाली नाही, इथे काउंटरवर ठेवा — वाकायला लावू नका मला, सदोतीस वर्षं वर्गात उभं राहून गुडघ्यांचं वाटोळं झालंय. हो, विज्ञानच शिकवायचे. ती पाटी वाचलीत ना, ‘शंका असल्यास बाईंना विचारा’? ती बाई मी. या दुकानाचा मालक माझा विद्यार्थी, शेवटच्या बाकावर झोपा काढायचा, आता विज्ञानाची खेळणी विकतो! मी निवृत्त झाले तेव्हा आला घरी, म्हणाला, बाई, तुम्ही फक्त त्या खुर्चीत बसा, तुम्हाला बघून निम्मे लोक माल परत न करताच जातील. तुम्ही गेला नाहीत. धीट आहात.

काय हा खोका! वरचं चित्र बघा आधी — सात वर्षांची मुलगी, पांढरा कोट, डोळ्यांना चष्मा. कशाला? आत काय, तर एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याची तार. यात डोळ्यांत काय उडणार आहे, सेफ्टी पिन? आणि खाली ठळक अक्षरांत, ‘तुमच्या मुलातला शास्त्रज्ञ जागा करा’. जसा काही तो आत घोरत पडलाय. पण तुम्हाला तेच आवडतं. तुम्ही चित्र विकत घेता हो, तार नाही. परवा एक बाई आल्या, सूक्ष्मदर्शक परत करायला — काही दिसत नाही म्हणाल्या. भिंगावरचं झाकण काढलं नव्हतं! महिनाभर घरात होता, महिनाभर! त्याआधी एक गृहस्थ आले, त्यांनी विचारलं, यातला सगळ्यात लवकर होणारा प्रयोग कुठला? म्हटलं, दिव्याचं बटण दाबा. आणखी एकीनं विचारलं, याचं सर्टिफिकेट मिळतं का, आणि घरात पसारा तर होणार नाही ना. पसारा नको! मग फोटो आणा आणि भिंतीला लावा. हसू नका, तुम्ही त्यांच्यातलेच आहात.

तर बघू तुमची मोटर. हं. हं… ही गुंडाळी कोणी केली? नाही, खरं सांगा. किती वर्षांची आहे म्हणालात मुलगी? आठ. आठ वर्षांच्या मुलीनं हे तीस वेढे असे एकाला एक चिकटून घातले? आणि टोकं अशी सरळ, पट्टी लावल्यासारखी? अहो, मी हजारो मुलांच्या वह्या तपासल्यात, बापाचं अक्षर मला लांबून ओळखू येतं. तुम्ही केलंय हे. ‘थोडी मदत केली.’ थोडी! तिनं काय केलं मग, खोका उघडला? तोही तुम्हीच? वा. मग मोटर चालत नाही म्हणून रडतंय कोण — तीच ना? नाही? ती रडत नाहीये? गाडीत बसलीय, खिडकीतून बाहेर बघतेय… बरोबर. तिला कशाला रडू येईल, तिची थोडीच बिघडलीय.

आणि बिघडलेलीही नाही. हे बघा. तारेवर व्हार्निशचा थर असतो, तो खरवडायचा असतो. एक टोक सगळीकडून, दुसरं फक्त एका अंगानं. तुम्ही दोन्ही टोकं चकचकीत घासून ठेवलीत, भांडी घासल्यासारखी! त्यामुळे ती एक गचका देते आणि थबकते, देते आणि थबकते. खोक्यातल्या माहितीच्या कागदावर लिहिलंय, तिसऱ्या ओळीत, चित्रासकट. वाचला होता का कागद? घडीसुद्धा मोडलेली नाही त्याची. इंजिनिअर आहात? अरे देवा. मग तर वाचणारच नाही.

नाही, मला सांगू नका की ती लहान आहे, तिला जमत नाही, हाताला तार टोचेल. टोचू दे. मला ही सगळी कारणं पाठ आहेत. पाठ म्हणजे — मीच वापरलीत ना. माझी मुलगी शाळेत असताना, माझ्याच शाळेत होती ती, दरवर्षी विज्ञान प्रदर्शन असायचं, आणि चौथीपासून ओळीनं तीन वर्षं तिला पहिलं बक्षीस. ओळीनं! सहावीत पाणचक्की केली होती, पाणी पडलं की चाक फिरायचं आणि दिवा लागायचा, लोक बघत उभे राहायचे. काय सफाई होती तिच्यात! एक ठिपका डिंकाचा कुठे दिसेल तर शपथ. परीक्षक आले, वाकून तिला म्हणाले, बाळ, हा दिवा का लागतो गं? तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला माहीत नाही, आईनं हात लावू नको म्हणून सांगितलंय.” सगळे हसले. मीही हसले. बक्षीस दिलं तरी, बाईंची मुलगी म्हणून दिलं, दुसरं काय.

पुढच्या वर्षी, सातवीत, म्हणाली, “आई, यंदा तू एकटीच जा प्रदर्शनाला.” अगदी शांतपणे, भांडण नाही, आदळआपट नाही. आणि मी… तुम्हाला काय वाटतं, काय केलं असेल मी? गेले. हो, गेले! तिला ताप आलाय म्हणून सांगितलं, टेबलावर तिच्या नावाची चिठ्ठी लावली आणि मॉडेल मांडून उभी राहिले. दुसरं बक्षीस मिळालं. मला राग कसला आला, तर दुसरं मिळालं याचा! बघा म्हणजे. ती आज अडतीस वर्षांची आहे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि घरातला दिवा गेला तर वायरमनला बोलावते. मी एकदा म्हटलं, अगं, दिवा बदलायला वायरमन कशाला? तर म्हणाली, “मला नाही येत. मला कोणी लावू दिला नाही.” हसतच म्हणाली. म्हणजे तोंड हसत होतं.

हे मी तुम्हाला का सांगतेय? वस्तू परत करायला आलात तुम्ही. असो. सांगायला लागलेय तर ऐका. तिला एक मुलगी आहे, माझी नात, सात वर्षांची. तिला मीच नेऊन दिला हा खोका, हाच, हेच चित्र. लेकीनं दारातच सांगितलं, आई, दे, पण तू तिच्याजवळ बसायचं नाहीस. म्हटलं, नाही बसणार. आणि नव्हते हो बसले! लांबून बघत होते, पेपर वाचल्यासारखं करून. अकरा वेढे घातले तिनं, तेही एकावर एक चढलेले, चिमणीनं घरटं करावं तसं. टोकं वाकडी. पॉलिश पेपरनं स्वतःचीच नखं जास्त घासली तिनं. आणि ती मोटर फिरेना. फिरणारच नव्हती! नुसती थरथरत होती. पण तिला कोण आनंद! “आजी, बघ, थरथरतेय! जिवंत आहे!” मग खाली मैत्रिणीला बोलवायला गेली, आणि तिकडेच खेळत राहिली.

मी काय करणार? समोर पडलेली ती वाकडी गुंडाळी, मला बघवेना. मी म्हटलं, नुसतं टोक सरळ करू. मग म्हटलं, दोन वेढे नीट करू. दीड तासानं ती वर आली तेव्हा मोटर अशी फिरत होती, अशी, की तारा दिसत नव्हत्या. मी म्हटलं, बघ तुझी मोटर! ती बघत राहिली. मग म्हणाली, “माझी कुठेय?” म्हटलं, हीच. म्हणाली, “नाही. माझी थरथरायची.” आतून लेक आली, इस्त्री करत होती ती. टेबलाकडे पाहिलं तिनं, मोटरकडे, मग पोरीकडे. माझ्याकडे नाहीच. म्हणाली, “आई, तू आता घरी जा.”

चार रविवार झाले, लेकीचा फोन नाही. कामात असेल.

अहो, ओरडताय काय? हो, सोडवतेय मी तुमची गुंडाळी. मला दिसतंय मी काय करतेय ते! दोन तास लागले होते तुम्हाला? लागले असतील. मला दीड लागला, माझा हात बसलेला आहे. तार वाकडी झाली? होऊ दे वाकडी. ही घ्या, तीसच्या तीस वेढे मोकळे, खराब टोकं तोडून टाकली, उरलेली पुरेल तिला. बदलून काही मिळणार नाही, वस्तूत दोष नाही. गाडीत नेऊन तिच्या मांडीवर ठेवा आणि तुम्ही गाडी चालवा. आरशातून बघायचं नाही!

काय म्हणालात? लेकीला फोन करा? मी? तुम्ही मला शिकवणार? दोन टोकं घासायला जमली नाहीत तुम्हाला, आणि आता — चला, चला. मागे माणसं खोळंबलीत.

कोणी नाही मागे? नसू दे. जा तुम्ही.