स्टर्लिंगच्या मनोऱ्यावरून परतलेले रसूलचाचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय उकंडरावजी, आमचे सत्कारमूर्ती गुलाम रसूलचाचा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या नूरबीचाची, लोणारचे सगळे गाईड बंधू-भगिनी आणि बीबी गावाहून आवर्जून आलेले पाहुणे, आपणा सर्वांना धम्मशीलाचा नमस्कार.

चौतीस वर्षं ज्यांनी जगाला आपलं सरोवर दाखवलं, त्यांच्याविषयी बोलताना सुरुवात सरोवरापासून व्हायला हवी. मी मात्र स्कॉटलंडपासून करणार आहे. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

सात वर्षांपूर्वी मी चाचांकडे गेले होते. मला गाईड व्हायचं होतं. लहानपणीच्या पोलिओमुळे माझ्या हातात काठी असते, हे आपण पाहताच आहात. चाचा मायेनंच म्हणाले, "बेटा, विवरात उतरा-चढा लागते. तुह्यानं नाही होणार." मी मान हलवून घरी आले आणि दोन दिवस नीट जेवले नाही.

पुढच्या वर्षी डग्लस नावाचे एक निवृत्त शिक्षक लोणार पाहायला आले. चाचांनी त्यांना तीन दिवस हिंडवलं. जाताना ते म्हणाले, आता माझं गाव पाहायला तुम्ही या. आणि काय सांगू, खरंच तिकीट पाठवलं! गाव स्टर्लिंग. चाचा पंधरा दिवस राहून आले, मग महिनाभर एसटी स्टँडवर दुसरा विषय नव्हता. कड्यावरचा किल्ला, नदीवरचा जुना दगडी पूल. तिथल्या चर्चमध्ये चाचांनी सवयीनं जोडे काढून हातात घेतले आणि गार फरशीवर अनवाणी फिरले. त्या चर्चमध्ये तेरा महिन्यांच्या बाळाला राजा केलं होतं म्हणे. चाचांना काळजी एकच, एवढ्याशा डोक्यावर मुकुट टिकला कसा असन?

एक गोष्ट मात्र त्यांनी स्टँडवर सांगितली नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर एका लढवय्याच्या आठवणीत बांधलेला उंच मनोरा आहे. आत दोनशे सेहेचाळीस पायऱ्या, गोल गोल जाणाऱ्या. खाली बाकावर काठी घेतलेल्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्या गाईड. त्यांनी लढाईची हकिगत अशी सांगितली, की लहान मुलंसुद्धा गप्प बसली. डग्लसांच्या मदतीनं चाचांनी विचारलं, तुम्ही वर नाही येत?

त्या म्हणाल्या, "पायऱ्या पाहुणे चढतात. गोष्ट मी सांगते."

चाचा अर्ध्यावर पोचले आणि पायरीवरच बसले. मागची माणसं खोळंबली. डग्लस घाबरले, दम लागला की काय? दम लागला नव्हता. त्यांना मी आठवले होते.

लोणारला आल्यावर तिसऱ्या दिवशी चाचा आणि चाची आमच्या दारात उभे. वडील खुर्ची आणायला धावले, पण चाचा बसलेच नाहीत. उभ्यानंच त्या मनोऱ्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "बेटा, मी चुकलो. दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे. तिथून सुरू कर."

माझा पहिला गट जालन्याचं एक कुटुंब होतं. मी गाभाऱ्यात शिरले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. चाचा पर्यटकांमध्ये टॉर्च धरून उभे होते. अनोळखी माणसासारखं त्यांनी विचारलं, "मॅडम, देवाच्या पायाखाली हे कोण आहे?"

मी म्हटलं, "लवणासुर." आणि पुढचा तासभर थांबलेच नाही.

बाहेर आल्यावर त्या कुटुंबातल्या आजींनी चाचांना विचारलं, तुम्ही हे आधी पाहिलं होतं का? चाचा म्हणाले, "दाखवलं लई वेळा. पाह्यलं आज."

आज लोणारात आम्ही तिघी बायका गाईड आहोत. चाचा, आम्हा तिघींचा हा सलाम घ्या.

आयोजकांची मी आभारी आहे. कोणाचं नाव राहिलं असेल, मान देण्यात कमी पडले असेन, तर लेक समजून पोटात घाला. आणि चाचींनी पहाटेपासून शिरखुर्मा केला आहे. जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये.