बोर्डावरची शकुन

...अन् वरून ते विमा कंपनीची पोरगी मलेच विचारते, "काका, तुम्हाला नेमका प्रॉब्लेम काय आहे?" आता तुमीच सांगा, मी जित्ता आहो का नाही? बसलो ना तुमच्यासमोर, बोलून राहिलो ना?

झालं काय, तुमाले सांगतो... मासे धरता धरता तलावाच्या पाळीवरून घसरलो, पाय मोडला. विमा होता, कंपनीनं दवाखान्याचा खर्च देला, खोटं कायले बोलू? पण लोकायमंदी कंपनीचं नाव निरा खराब होऊन गेलतं, हप्ते घेते अन् वेळेवर पळते म्हणून! मंग नाव सुधरवाले नागपूरवरून मनाली नावाची पोरगी आली, क्यामेरा घेऊन. मी अन् माही बायको शकुन, दोघं पाळीवर उभे राहिलो. शकुननं नवी साडी घातली, टिकली लावली. "हसा काका!" हसलो.

थोड्या दिवसानं भंडाऱ्याले गेलो, तर चौकात कंपनीचा हा मोठा बोर्ड! शकुन एकटीच. मी गायब! तिच्या कपाळावरची टिकली कम्प्युटरनं पुसलेली... अन् खाली लिवलं, "ते गेले. आम्ही सोबत आहोत." अरे बाप्पा! कोण गेले? कुठं गेले? मी जित्ता आहो ना!

सिहोऱ्यावरून शकुनची बहीण ललिताबाई आली, "मनिरामभाऊजी गेले वो माय!" करत, अन् दारात मलेच पाहून किंचाळली. मी म्हणतो, बाई, चहा घे, मी जित्ता आहो! मनालीले फोन लावला, तर म्हणते, "काका, मोडलेल्या पायासाठी कोणी रडत नाही हो! अन् तुम्ही गेल्यापासून कंपनीची इमेज किती सुधारली!"

हसू नका जी. मलेही आधी हसूच आलं. पण शकुन घडीघडी कपाळाले हात लावून टिकली चाचपे. जेवाले वाढता वाढता हळूच म्हणे, "तुमी आहा ना?" मी गेल्यावर माही शकुन अशी दिसन? मले नाही पाहवलं, साफ सांगतो!

मंग काय! शिडी घेतली, लाल रंगाचा डबा घेतला, हा दुखरा पाय घेतला, अन् चढलो. खालून ऑटोवाले वरडून राहिले, "अबे बुढ्या, पडशीन!" म्हणलं, पडू दे, विमा आहे! अन् लावली कपाळावर परातीएवढी टिकली. शकुनले ऑटोत बसवून दाखवाले आणलं. वाटलं, आता रडन, माहा हात धरन... लय वेळ पाहत राहिली, पदरानं डोळे पुसले, अन् म्हणते काय,

"अजी, वाकडी लावली तुमी."

धरा आता शिडी. चढतो पुन्हा, काय करता!